वाकू नका म्हटलेली कंबर : धुळ्याच्या वेदना क्लिनिकमधलं एक प्रकरण

मे महिन्याच्या शेवटी ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत भाकरी आणि पाण्याची बाटली. दुसरीत सात वर्षांचे कागद : दोन एमआरआयच्या फिल्म, एक्स-रे, चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कमरेचा जुना पट्टा. त्याचं वेल्क्रो आता चिकटत नव्हतं, तरी तो टाकवला नव्हता. नवा पट्टा साडीवरून बांधलेलाच होता. बसा म्हटलं तर दोन्ही हातांनी टेबल धरून, श्वास रोखून त्या हळूहळू खुर्चीत उतरल्या. मग म्हणाल्या, "मले उठाले बसाले जमत नही. आते समदं आंग दुखस."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धुळ्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आमचं वेदना क्लिनिक चालतं. भूलशास्त्रातून वेदनातज्ज्ञ झालेल्या एक डॉक्टर, मी, एक मानसतज्ज्ञ, एक परिचारिका आणि एक समाजसेविका, एवढी आमची टीम. ताईंची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरातल्या काही गोष्टी बदलून लिहितो आहे. लिहायला त्यांची परवानगी आहे. आमच्याच पेशातले लोक मला नेहमी विचारतात की पाच जणांनी मिळून एक कंबर बघून असं काय वेगळं होतं. या एका प्रकरणातून मला जे दिसलं ते, जमलेलं आणि फसलेलं दोन्ही, इथे मांडतो.

सात वर्षं

वय ४४. पारोळा तालुक्यातलं गाव. घरची तीन एकर कोरडवाहू कपाशी, बाकी मजुरी : जुलैत निंदणी, ऑक्टोबरपासून वेचणी. सात वर्षांपूर्वी वेचणी संपवून कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना कमरेत चमक भरली. तीन आठवडे घरी बसल्या, बरं वाटलं, पुन्हा कामाला गेल्या. पुढच्या हंगामात तेच. तिसऱ्या वर्षापासून दुखणं पूर्ण गेलंच नाही. पाचव्या वर्षी मान आणि खांदे धरले, मग दोन्ही मांड्या. झोप तुटली.

या काळात त्यांनी काय केलं नाही ते सांगणं सोपं. चार डॉक्टर झाले. मणक्यात एक इंजेक्शन झालं, त्याने तीन आठवडे बरे गेले. चोळणाऱ्याकडे अमावास्येच्या पाच वाऱ्या झाल्या. एका सर्जनने ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्याने गरज नाही म्हटलं. दोघांच्या मधे ताई आणि त्यांचे यजमान सहा महिने नुसते घाबरून राहिले. गळ्यातली पोत गहाण पडली. शेवटची दोन वर्षं गावातल्या मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची गोळी रोज एक, वेचणीत दोन.

या सगळ्यांत एक वाक्य समान होतं. मणक्यात गॅप आहे, वाकू नका.

या वाक्याचा मला मनापासून राग आहे, तो मी लपवणार नाही. ज्या बाईचं पोट वाकण्यावर चालतं, तिला आयुष्यभरासाठी वाकू नका सांगणं म्हणजे काय सांगणं आहे? कपाशीचं झाड कमरेएवढं, खालची बोंडं गुडघ्याखाली. वाकल्याशिवाय वेचणी नाही, निंदणी नाही, चूल नाही, सारवण नाही. सांगणाऱ्याचं एक वाक्य असतं. ऐकणारी त्यानंतर प्रत्येक वाकण्याला मणका तुटायची वाट बघते. ताई वाकायच्या, कारण वाकावंच लागायचं. पण अंग आखडून, श्वास धरून, भीत भीत. असं वाकलं की स्नायू जास्त दुखतात, आणि दुखलं की भीती खरी ठरते.

आणि तो 'गॅप'? त्यांच्या एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी थोडी फुगलेली आणि कोरडी पडलेली दिसत होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या होत्या. चाळिशीतल्या अशा माणसांत ६८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांच्या फुगलेल्या. दुखत काहीच नव्हतं. केस पिकावेत तसं ते वयाने होतं. ताईंच्या फिल्मवर लिहिलेलं खोटं नव्हतं, पण सात वर्षांच्या दुखण्याचं उत्तर त्यात नव्हतं.

तपासणीचा दिवस

पहिल्या दिवशी पाचही जणांनी त्यांना वेगवेगळं पाहिलं. आधी डॉक्टर मॅडमनी धोक्याच्या खुणा तपासल्या. आपल्याकडे मणक्याचा क्षय आधी मनात आणावा लागतो : रात्रीचा ताप, घटणारं वजन, एका जागी ठोकल्यावर होणारी कळ. त्यातलं काही नव्हतं. लघवीवर ताबा होता, पायांतली ताकद आणि संवेदना जागच्या जागी होत्या, रक्तातला ईएसआर (संसर्ग किंवा सूज असली की वाढणारा आकडा) ठीक होता. मूत्रपिंडाची तपासणी सुदैवाने चांगली आली. हिमोग्लोबिन मात्र ९.४, रक्तदाब किंचित वर, पोटात सतत जळजळ. दोन वर्षं रोज डायक्लोफिनॅक घेतल्यावर या तिन्ही गोष्टींचं आश्चर्य वाटायला नको.

मी मोजलं ते असं. वेदना दहापैकी आठ. कंबरदुखीमुळे रोजचं काय काय अडतं याची २४ प्रश्नांची रोलंड-मॉरिस नावाची प्रश्नावली आहे. ती त्यांच्या बोलीत तोंडी विचारली, तर १७ गोष्टी अडत होत्या. खुर्चीवरून हात न टेकता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं? पाच. या वयाच्या बाईला याच्या दुपटीहून जास्त जमायला हवं.

मानसतज्ज्ञांकडे त्या पाऊण तास होत्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. सासूबाई काही बोलत नसत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू यायचं. आणि खोल भीती एकच : "मी खाटवर पडसू, मग मना कोन करई?" नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी १५. जीव नकोसा होतो का हे थेट विचारलं होतं. विचार येऊन जातो, पण तसं काही करायचं मनात नाही, असं त्या म्हणाल्या. ही नोंद फाईलच्या वरच्या बाजूला ठेवली आणि दर भेटीला पुन्हा विचारायचं ठरलं.

समाजसेविकेला मिळालेली माहिती बाकी चौघांच्या कामाला आली. वेचणीची मजुरी किलोवर असते. बरं वाटणाऱ्या दिवशी ताई पस्तीस किलोपर्यंत वेचायच्या, आधीचे खाडे भरून काढायला. मग तीन दिवस खाटेवर. पुन्हा उठायच्या, पुन्हा पस्तीस किलो. घरी यजमान इतके काळजी घेणारे की ताई उठायला लागल्या की ते आधीच हंडा उचलायचे, गाय बांधायचे, चूल पेटवायचे. प्रेमापोटीच. पण ताईंच्या वाट्याला मग उरलं होतं फक्त शेतातलं मर मर काम किंवा खाट. मधलं काही नाही.

एका टेबलाभोवती

दुपारी आम्ही बसलो. टीम म्हणजे एका छताखाली पाच खोल्या, असा समज सर्रास दिसतो. तसं असेल तर पेशंटला पाच ठिकाणी पाच वेगळी कारणं ऐकायला मिळतात आणि तो आधीपेक्षा जास्त गोंधळून घरी जातो. ही बैठक, जिथे पाच जणांनी मिळून एक समजूत ठरवायची, तीच या कामाचा कणा आहे.

ही कल्पना जुनी आहे. जॉन बोनिका नावाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालयात होते. जखमा भरूनही न थांबणाऱ्या वेदनांपुढे त्यांचं एकट्याचं शास्त्र तोकडं पडायचं, म्हणून ते इतर शाखांच्या सहकाऱ्यांसोबत बसून अशा पेशंटवर चर्चा करू लागले. बोनिका शिक्षणाच्या खर्चासाठी व्यावसायिक कुस्त्या खेळले होते आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्यांनी जन्मभर सोसली. १९६० मध्ये ते सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात गेले आणि तिथलं बहुशाखीय वेदना क्लिनिक पुढे जगभरच्या क्लिनिकांचा नमुना ठरलं.

आमच्या टेबलावर मतभेद झाला. मॅडमना एक इंजेक्शन देऊन सुरुवात करावीशी वाटत होती, म्हणजे व्यायामाला वाव मिळेल. मी विरोध केला. पायात उतरणारी, एका नसेची अशी वेदना नव्हती, आणि इंजेक्शन दिलं की 'बिघाड मणक्यातच आहे' हे आम्हीच पुन्हा सांगितल्यासारखं होणार होतं. अर्धा तास वाद झाला. शेवटी इंजेक्शन नको असं ठरलं. मॅडमनी माझ्या भिडेखातर ऐकलं नाही, कागद पुन्हा पाहून ऐकलं. डायक्लोफिनॅक दोन आठवड्यांत कमी करत बंद. रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, पुढे २५. ही मूळची नैराश्याची गोळी. ती इतक्या कमी मात्रेत वेदनेसाठी आणि झोपेसाठी देतात. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या कुठल्या आजाराने नीट उलगडत नाही अशा जुन्या दुखण्यासाठी, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पॅरासिटॅमॉल, डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं आणि अफूवर्गातली औषधं सुरू करू नयेत असंच म्हटलं आहे. व्यायाम, मानसोपचार आणि अमिट्रिप्टिलिनसारख्या काही गोळ्या यांना जागा दिली आहे.

मग दुखण्याची समजूत. ती ताईंना, यजमानांना आणि आम्हा पाचही जणांना एकाच शब्दांत सांगता यायला हवी होती. समाजसेविका शेतकऱ्याच्या घरातली. ती म्हणाली, स्टार्टर सांगा.

दुसऱ्या दिवशी मी ताई आणि त्यांच्या यजमानांना समोर बसवून विचारलं, "भाऊ, विहिरीवरची मोटार चांगली आहे, वायर चांगली आहे, व्होल्टेज बरोबर आहे, तरी मोटार दर पाच मिनिटांनी पडते. काय बघाल?"

"रिले," भाऊ लगेच म्हणाले. "बारीक सेट व्हयेल शे."

स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले मोटार जळू नये म्हणून असतो. तो मोटारीच्या अँपिअरपेक्षा खाली लावला तर साध्या लोडलाही बंद पाडतो. मोटारीत बिघाड नसतो, पण पाणी येत नाही हे मात्र खरं असतं. ताईंच्या मज्जासंस्थेत असंच झालं होतं. सात वर्षांपूर्वी स्नायूला इजा झाली होती, ती भरली. राखण करणारी यंत्रणा मात्र भीती, जागरणं, काळजी आणि एकदम पस्तीस किलोचे दिवस यांनी अधिकाधिक बारीक होत गेली. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये सुधारलेली वेदनेची व्याख्याही वेदनेला ऊतींच्या इजेशी बांधून ठेवत नाही. प्रत्यक्ष इजा नसतानाही तसाच अनुभव येतो आणि तो खराच असतो.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी ढोंग नही करत ना?"

सात वर्षांत कोणी तरी त्यांना असं सुचवलं असणार, एकदा नव्हे अनेकदा. हे अजूनही लिहिताना मला जड जातं.

पऱ्हाट्या

कार्यक्रम दहा आठवड्यांचा, आठवड्यातून दोनदा, दोन तास. आठ जणींचा गट. त्यात चालणं, ताकदीचे व्यायाम, श्वास आणि शिथिलीकरण, झोपेच्या सवयी, आणि मानसतज्ज्ञांसोबत गटचर्चा. हे कुठेही असतं. आमच्याकडे वेगळं काही असेल तर ते पऱ्हाट्यांचं.

गेल्या हंगामातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, गावोगावी सरपणाला रचलेल्या असतात. समाजसेविकेने दोन मोळ्या आणल्या. बादल्यांत वाळू भरून त्या ओळीने उभ्या केल्या, रिकाम्या बोंडांत कापूस खोचला आणि हॉलमध्ये कपाशीची ओळ तयार झाली. तिसऱ्या आठवड्यात ताईंना वेचलेला कापूस ठेवायची ओटी कमरेला बांधायला दिली. पट्टा काढून.

पहिल्या बोंडाला त्यांचा हात पोचायच्या आधीच जबडा आवळला गेला. गुडघे ताठ, मान वर, डावा हात कमरेवर. मी वेदनेबद्दल काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की वाकताना श्वास सोडा. बारा बोंडं वेचून त्या थांबल्या. थांबायचं आधीच ठरलं होतं : बारा, दुखो न दुखो. पुढच्या वेळी चौदा. दुखलं म्हणून आठवर थांबायचं नाही आणि बरं वाटलं म्हणून चाळीस करायची नाहीत. मर्यादा आधी ठरवायची आणि ती कामाने किंवा वेळेने ठरवायची, वेदनेला ठरवू द्यायची नाही, हे या उपचारातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ताईंना ते पटायला सगळ्यात अवघड गेलं. किलोवर जगणाऱ्या बाईला बरं वाटत असताना हात आवरायला सांगणं सोपं नाही.

दुसरीकडे भाऊंना मानसतज्ज्ञांनी दोनदा बोलावलं. हंडा उचलायचा नाही असं नाही, पण ताईंनी सांगितल्यावर उचलायचा. आणि दिवसातून दहा वेळा 'दुखतं का' विचारायचं बंद करायचं. भाऊंना हे निर्दय वाटलं, तसं ते बोललेही. पण त्यांनी केलं. पाचव्या आठवड्यात ताई स्वतः सांगत आल्या की गायीला पाणी आता त्या पाजतात.

कानबाईचा आठवडा

सातवा आठवडा श्रावणात आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, ही आमच्या खानदेशातली देवी, बसणार होत्या. ताईंनी पहिल्याच दिवशी आपलं उद्दिष्ट सांगितलं होतं, 'कानबाईचे रोट मी करीन'. आम्ही ते फाईलवर लिहून ठेवलं होतं आणि त्याची तयारीही केली होती : दळण दोन दिवस आधी, मळणं जावेने, भाजणं ताईंनी, दर अर्ध्या तासाने उठून फेरी.

तसं झालं नाही. जावेच्या मुलाला ताप आला, सगळं ताईंवर पडलं, आणि त्यांनी ते केलं. रात्रभर जागल्या, गाणी म्हटली, सोमवारी विसर्जनाला चालत गेल्या. मंगळवारी उठता येईना.

आमच्या सर्वांत मोठ्या चुकीची जागा ही. बुधवारी भाऊ त्यांना घेऊन आले. मॅडम रजेवर, आमचा वार नाही. ओपीडीतल्या आमच्याच दुसऱ्या डॉक्टरांनी चांगल्या हेतूने, गर्दीच्या तीन मिनिटांत चिठ्ठीवर लिहिलं : सात दिवस विश्रांती, वाकणे बंद, एमआरआय पुन्हा करावा. सोबत डायक्लोफिनॅक.

सहा आठवड्यांचं काम तीन ओळींत पुसलं गेलं. गुरुवारी ताई आल्या नाहीत. सोमवारीही नाहीत. मानसतज्ज्ञांनी फोन केला तेव्हा कळलं, पट्टा पुन्हा बांधला आहे आणि भाऊ एमआरआयसाठी उसनवारी करत आहेत. ताई फोनवर म्हणाल्या, "तुम्हनाच डॉक्टरनी सांगं ना, वाकानं नही."

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही पाच जण एक बोलत होतो, पण आमचं रुग्णालय एक बोलत नव्हतं. त्या डॉक्टरांना दोष देऊन भागणार नव्हतं. आमची समजूत फाईलच्या आत आठव्या पानावर होती, ती वाचणार कोण? त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. प्रत्येक पेशंटच्या फाईलवर पहिलंच पान म्हणून मोठ्या अक्षरात दुखण्याची समजूत आणि 'दुखणं उसळलं तर' ही योजना लावली : दोन दिवस काम निम्मं, चालणं चालू, शेक, ठरलेली गोळी तीन दिवसच, धोक्याच्या खुणा असल्या तरच तपासण्या. आणि गावच्या डॉक्टरांना, मेडिकलवाल्याला द्यायला त्याचीच एक प्रत. परिचारिका आणि समाजसेविका एसटीने गावात जाऊन ती देऊन आल्या.

ताई नवव्या आठवड्यात परत आल्या. वीसपैकी सतरा सत्रं झाली, म्हणजे चौतीस तास.

काय बदललं

दहाव्या आठवड्याच्या शेवटी वेदना आठवरून सहावर. अडणाऱ्या गोष्टी १७ वरून १०. खुर्चीवरून उठणं पाचवरून अकरा. नैराश्याचे गुण १५ वरून ८. डायक्लोफिनॅक शून्य. पट्टा कपाटात, पण टाकलेला नाही.

त्यानंतर वेचणीचा हंगाम गेला आणि फेब्रुवारीअखेर आम्ही पुन्हा मोजलं. वेदना सहाच, वाईट आठवड्यात सात. अडणाऱ्या गोष्टी ११. नैराश्याचे गुण ९. हंगामात महिन्याला सहा-सात डायक्लोफिनॅक लागल्या. वेचणी आठवड्यातून चार दिवस, दिवसाला पंधरा-सोळा किलो, रोज तेवढीच. पस्तीस किलोचा दिवस एकही नाही, पण आडवं पडल्याचे दिवस आख्ख्या हंगामात पाच. आधीच्या हंगामात त्यांनी एवढे एका महिन्यात काढले होते. ताईंनी स्वतः हिशेब केला, हंगामाची एकूण मजुरी आधीच्या वर्षापेक्षा थोडी जास्त भरली.

वेदनेचा आकडा फक्त दोनने उतरला, हे पाहून कुणी म्हणेल की एवढ्यासाठी एवढं? मला वाटतं, या उपचाराकडून नेमकी अपेक्षा ठेवायची तर इथेच थांबून बघायला हवं. जुनाट कंबरदुखीवरच्या बहुशाखीय पुनर्वसनाचा एक मोठा आढावा कोक्रेन या, वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये काढला. ४१ चाचण्या, ६,८५८ माणसं. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत टीमच्या उपचाराने वेदना दहाच्या पट्टीवर सरासरी साधारण अर्ध्या ते दीड गुणाने कमी झाली, आणि २४ प्रश्नांच्या त्याच प्रश्नावलीवर अडचण साधारण दीड ते अडीच गुणांनी. नुसत्या शारीरिक उपचारांशी तुलना केली तरी टीम थोडी पुढे होती, आणि कामावर परत जाण्याची शक्यता जवळपास दुप्पट. पण कामाच्या बाबतीत नेहमीच्या उपचारांशी तुलना केली तर ठळक फरक दिसला नाही. लाभ आहे, वर्षभरानंतरही टिकतो, पण मध्यम किंवा त्याहून लहान. टीमने जादू होते असं सांगणारा पेशंटला फसवतो. टीमने काही होत नाही असं सांगणाराही.

ताईंचा लाभ सरासरीपेक्षा मोठा दिसतो. त्याचं श्रेय मी पूर्ण घेणार नाही. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं सर्वांत वर असताना. काही न करताही ते थोडं उतरतंच. मधल्या काळात मुलीच्या लग्नाच्या कर्जाचा मोठा हप्ता फिटला. हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वर आलं. पऱ्हाट्यांनी झालं, अमिट्रिप्टिलिनने झालं, की भाऊंनी हंडा उचलणं थांबवल्याने, हे एका पेशंटवरून वेगळं काढता येत नाही. मोठ्या चाचण्यांतही ते नीट वेगळं निघालेलं नाही.

तासांचा प्रश्नही आहेच. २००१ च्या एका आढाव्यात शंभर तासांहून जास्त, सखोल कार्यक्रमांनाच वेदना आणि कामकाजात फरक पाडता आला होता, कमी तासांच्या कार्यक्रमांना नाही. पुढे २०१४ च्या आढाव्यात मात्र तासांच्या प्रमाणात लाभ वाढतो असं दिसलं नाही. आमच्या चौतीस तासांवर मी या दुसऱ्या निष्कर्षाचा आधार घेतो, पण पहिला विसरत नाही.

ज्या आल्या नाहीत

ताईंच्या गटात आठ जणी होत्या. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिघी गळाल्या. त्यांचे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि ते नसताना 'आमच्याकडे पेशंट सुधारतात' असं म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. समाजसेविका त्यांच्या घरी गेली. एकीच्या घरी पेरणी. दुसरीला सकाळची एसटी चुकली की दुसरी दुपारी. तिसरीच्या घरच्यांचं म्हणणं, सलाईन नाही, मशीन नाही, मग जायचं कशाला.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याने नक्कीच सोपं झालं. पण खरा खर्च तिकिटाचा नाही, बुडालेल्या रोजाचा आहे. दहा आठवड्यांत वीस रोज. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली पॅकेजेस मुख्यतः भरती होऊन करायच्या उपचारांची आणि शस्त्रक्रियांची आहेत. ऑपरेशनला वाट आहे. ऑपरेशन टाळू शकणाऱ्या बोलण्या-चालण्याच्या दहा आठवड्यांना नाही. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून आहे, जळगावला २०१८ पासून, नंदुरबारला २०२० पासून. भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ ही माणसं अशा मोठ्या रुग्णालयांत असतातच. आठवड्यातून एक दुपार त्यांना एका टेबलाशी बसवायला नवी इमारत लागत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, मागणी म्हणून लिहितो.

आम्ही जूनची बॅच बंद केली आहे. आता गट फेब्रुवारी-मार्चमध्ये, वेचणी संपल्यावर आणि पेरणीच्या आधी. दोनपैकी एक सत्र पारोळ्यातच, बाजाराच्या दिवशी, म्हणजे बाया येणारच असतात. यावेळी गटात नऊ जणी आहेत, पाचवा आठवडा चालू आहे, एक गळाली आहे. पारोळ्याच्या सत्राला ताई येऊन बसतात. स्टार्टरची गोष्ट आता त्याच सांगतात, माझ्यापेक्षा बऱ्या, कारण त्या अहिराणीत सांगतात. दर वेळी त्यांना विचारलं जातं, "तुमनं दुखनं गये का मग?" आणि त्या सांगतात, नाही, गेलं नाही.

त्यांची अमिट्रिप्टिलिन २५ वरून १० वर आणायची आहे. मॅडमनी ती आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, कमी करू म्हटलंय, कारण आखाजीला मुलगी माहेरी येते, घर भरलेलं असतं, आणि ताईंना झोक्यावर बसायचं आहे.